पंचविशीतली टीम सांभाळताना: मुलांची तब्येत आणि कामाचा दर्जा, दोन्ही कसं राखायचं

हिंजवडी, खराडी, ऐरोली, नागपूरचं मिहान, कुठेही जा. टीम लीडच्या हाताखाली आठ-दहा जण असतात आणि त्यातले बहुतेक बावीस ते अठ्ठावीस या वयातले. हा लेख त्या टीम लीडसाठी आहे. एचआरचं धोरण आणि मालकाचं मन बदलायला वेळ लागतो. पण कोणाला किती काम द्यायचं, रात्री साडेनऊला कोणाला फोन करायचा आणि चूक झाली की ती कुठल्या शब्दांत सांगायची, हे रोज लीडच ठरवतो. तरुण मुलांची तब्येत आणि त्यांचं काम या दोन्हींवर सर्वांत जास्त परिणाम या रोजच्या निर्णयांचा होतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सुरुवातही तिथूनच करायची.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण फर्ममधली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी वारली. नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या ताणाने ती गेली असं तिच्या आईने फर्मच्या अध्यक्षांना पत्र लिहून कळवलं. ते पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं आणि चर्चा संसदेपर्यंत पोहोचली. असं काही घडलं की ऑफिसात बहुधा योगाचा वर्ग येतो, ध्यानाचं अ‍ॅप येतं, 'वेलनेस वीक' साजरा होतो. योग चांगलाच आहे. पण ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या मनःस्वास्थ्यात त्यांना काही फरक आढळला नाही. अपवाद फक्त समाजकार्यात वेळ देणाऱ्यांचा. कामाची रचना तशीच ठेवून माणसाला ताण सोसायला शिकवलं, तर फार काही हाती लागत नाही, हे यातून दिसतं.

आधी हे नातं किती घट्ट आहे ते समजून घ्या

वरिष्ठांना पटवायची वेळ येते तेव्हा नुसतं "खूश माणूस चांगलं काम करतो" म्हणून भागत नाही. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३१२ नमुने एकत्र करून पाहिलं. त्यात ५४ हजारांहून जास्त माणसं होती. कामातलं समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.३० च्या आसपास निघाला (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं). म्हणजे नातं मध्यम ताकदीचं आहे, पण खरं आहे.

त्याहून उपयोगाचा अभ्यास ब्रिटिश टेलिकॉमच्या ११ कॉल सेंटरमधला. सहा महिने दर आठवड्याला सुमारे १,८०० कर्मचाऱ्यांनी आपला आठवडा कसा गेला ते हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांवर टिक करून कळवलं. संशोधकांनी ते विक्रीच्या आकड्यांशी जोडलं. खुशीमुळे विक्री वाढते की विक्री झाली म्हणून माणूस खूश होतो, हा पेच सोडवायला त्यांनी हवामानाचा आधार घेतला. मोठ्या खिडक्या असलेल्या ऑफिसात ढगाळ दिवस मनावर जास्त उतरतात, आणि आकाशाचा रंग काही विक्री पाहून ठरत नाही. निष्कर्ष असा की खूश आठवड्यात विक्री सुमारे १३ टक्क्यांनी जास्त होते. ही माणसं जास्त वेळ बसली नव्हती. तेवढ्याच वेळात त्यांनी जास्त कॉल घेतले आणि जास्त कॉलचं रूपांतर विक्रीत केलं. ज्या कॉलवर ग्राहकाची समजूत काढावी लागते तिथे फरक जास्त दिसला. सपोर्ट, सेल्स, क्लायंट कॉल, शिकवणं, नर्सिंग अशा कामांत ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हे चक्र उलटंही फिरतं. काम नीट जमत नसेल, रोज कोणीतरी चूक दाखवत असेल, तर तब्येत बिघडते. कामात नव्या मुलांच्या बाबतीत ही उलटी दिशा मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यांना अजून स्वतःच्या कामाचा अंदाज आलेला नसतो. नाही म्हणायची हिंमत नसते. पीजीत एका खोलीत तिघं, मेसचं जेवण, घरी पैसे पाठवायचे, आणि गावाकडे "पुण्यात मोठ्या कंपनीत आहे" अशी ओळख झालेली. तिथे "मला जमत नाहीये" हे वाक्य तोंडातून निघत नाही. ते तुम्हाला दुसऱ्या खुणांवरून ओळखावं लागतं.

पायरी १: दोन आठवडे फक्त बघा

लगेच काही बदलू नका. तुमच्याकडे आधीच असलेली माहिती एका वहीत उतरवा. कोणाचं काम किती वेळा परत आलं, बंद केलेली तिकिटं (कामाच्या किंवा तक्रारींच्या नोंदी) किती वेळा पुन्हा उघडली, रात्री दहानंतरचे मेल आणि कोडचे बदल कोणाच्या नावावर आहेत, कोणाच्या रजा वर्षभर तशाच पडून आहेत, कोणाच्या सोमवारच्या रजा वाढल्यात. रजाच न घेणारा मुलगा अनेकांना 'डेडिकेटेड' वाटतो. मला त्याची काळजी आधी वाटते.

मग माणसं बघा. रोजच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे कामाचा आढावा घेणाऱ्या छोट्या बैठकीत, पूर्वी बोलणारी मुलगी "सेम अ‍ॅज यस्टरडे" म्हणून थांबते का? जेवायला सगळ्यांबरोबर जाणारा डेस्कवरच बिस्किटं खातो का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं जे वर्णन केलं त्यात तीन गोष्टी आहेत: सततचा थकवा, कामाबद्दल आलेला दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. यातली दुसरी गोष्ट आपण 'अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम' म्हणून मोकळे होतो. सहा महिन्यांपूर्वी उत्साहाने येणारा मुलगा आज प्रत्येक गोष्टीला "काय फरक पडतो" म्हणत असेल, तर स्वभावाला बोल लावण्याआधी त्या सहा महिन्यांचं रोस्टर (पाळ्यांचं वेळापत्रक) काढून बघा.

मोजायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी ताजंतवानं वाटलं का, दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेला होता का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण २५. तेराच्या खाली गेलं तर लक्ष द्यायचं. ही प्रश्नावली निनावी ठेवा आणि फक्त सरासरी बघा. चार जणांची टीम असेल तर निनावी असं काही उरतच नाही. अशा वेळी ती वापरू नका, सरळ बोला. आणि हे गुण अप्रेझलच्या जवळपासही फिरकू देऊ नका. एकदा तशी शंका आली की पुढच्या वेळी सगळे २५ पैकी २२ देतील.

पायरी २: अपेक्षा कागदावर आणा

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा. गॅलप संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या बारा विधानांतलं पहिलंच विधान आहे: कामात माझ्याकडून काय अपेक्षित आहे हे मला माहीत आहे. अनुभवी माणूस अर्धवट सूचनेतूनही अर्थ काढतो. नवा मुलगा ती सूचना घेऊन रात्रभर बसतो.

"ईओडीपर्यंत दे" हे वाक्य घ्या. ईओडी म्हणजे 'एंड ऑफ डे', दिवसअखेर. तुमच्या मते ईओडी म्हणजे संध्याकाळचे सहा. क्लायंटच्या मते त्याच्याकडचे सहा. मुलाच्या मते रात्री बारा, कारण तोवर दिवस संपत नाही. तो बारापर्यंत जागतो, तुम्ही मेल उघडता दुसऱ्या दिवशी अकराला. त्याने दिलेली झोप कोणाच्याच कामी आली नाही.

काम देताना चार-पाच ओळींची चिठ्ठी द्या, चॅटवर चालेल. उदाहरणार्थ:

"काम: मार्चच्या परताव्यांची यादी तपासणं. झालं असं कधी म्हणायचं: प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिलेलं असेल आणि एकूण रक्कम लेजरशी जुळेल तेव्हा. कधीपर्यंत: बुधवार, दुपारी चार. अडलं तर: अर्धा तास स्वतः बघ, मग मला विचार. यात नको: फॉरमॅटिंग, रंग, चार्ट."

शेवटची ओळ सोडू नका. होतकरू मुलं न मागितलेल्या गोष्टींवर दोन-दोन तास घालवतात आणि मूळ काम राहून जातं. "अर्धा तास स्वतः बघ" यालाही कारण आहे. 'कधीही विचार' म्हटलं की कोणी विचारत नाही, कारण कधी विचारणं योग्य आणि कधी वेडेपणा हे त्यांना कळत नाही. ठरलेला आकडा दिला की विचारणं हा नियमाचा भाग होतो आणि लाज उरत नाही.

एका वेळी तीन कामं दिली असतील तर क्रम तुम्हीच सांगा. "सगळीच अर्जंट आहेत" हे तुमच्या वरिष्ठांनी तुम्हाला सांगितलं असेल. ते जसंच्या तसं खाली सरकवू नये. ती गाळणी लावण्यासाठीच लीड असतो.

पायरी ३: तासांचा खरा हिशोब करा

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं आणि वाद पेटला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांच्या ९० तासांच्या विधानावरून तो पुन्हा पेटला. या प्रश्नाचं एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींत आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांत कामगारांचे तास आणि उत्पादन यांची नोंद ठेवली होती. स्टॅनफर्डचे जॉन पेन्कॅव्हल यांनी ती २०१४ मध्ये पुन्हा तपासली. आठवड्याला ५० तासांच्या आसपास दर तासाचं उत्पादन घसरू लागतं आणि ७० तासांचं एकूण उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं नसतं. कोड लिहिणं, हिशोब जुळवणं, ग्राहकाशी बोलणं ही कामं थकलेल्या डोक्याने यापेक्षा बरी होतील असं मानायला मला कारण दिसत नाही. तब्येतीची किंमत वेगळीच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे, वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे. २०२५ मध्ये रोजच्या तासांची मर्यादा वाढवली गेली, पण आठवड्याचे ४८ तास कायम राहिले. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना यातून सूट आहे. मात्र नुसतं 'असोसिएट मॅनेजर' असं पदनाम दिल्याने हाताखाली कोणी नसलेला मुलगा खरोखर व्यवस्थापक होतो का, हा प्रश्न विचारायला हवा.

आता तुमच्या टीमचा हिशोब मांडा. लॉगइन ते लॉगआउट, अधिक प्रवास, अधिक रात्रीचा कॉल. न्यूयॉर्कला सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ झालेले असतात. सकाळी नऊला आलेला मुलगा त्या कॉलला बसला की त्याचा दिवस बारा-तेरा तासांचा झाला, आणि वाकडच्या पुलाखालची गर्दी वेगळीच. यावर करण्यासारखं बरंच आहे:

– रात्रीच्या कॉलला सगळी टीम कशाला? दोघं जातील, बाकीच्यांना सकाळी चार ओळींचा सारांश मिळेल. दोघं दर आठवड्याला बदलतील.

– ज्याचा रात्री कॉल असेल तो दुसऱ्या दिवशी अकराला येईल. हे तोंडी ठेवू नका, रोस्टरवर लिहा. तोंडी सवलत घ्यायला नवी मुलं कचरतात.

– रात्री काही सुचलं तर मेल लिहा, पण तो सकाळी जाईल असा लावून ठेवा. "उद्या बघ" असं लिहिलं तरी मुलगा तो आत्ताच बघतो. कामानंतर फोन-मेल न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. कायदा होईल तेव्हा होईल, तुमच्या टीमपुरता नियम तुम्ही आज करू शकता.

– प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून मोकळी द्या आणि ती पाळा. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये हा प्रयोग केला. तास पाहिले तर मिळालेली सवलत किरकोळ होती. पण ती संध्याकाळ मोकळी करायची म्हणून टीमला कामं आधीपासून वाटून घ्यावी लागली, एकमेकांना माहिती द्यावी लागली, आणि त्यातून कामही सुधारलं.

झोपेबद्दल आपल्याच देशातला एक अभ्यास सांगतो. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्या कामगारांना रात्री अर्धा तास जास्त झोपायला मदत केली, तरी कामात फरक पडला नाही, कारण घरची झोपच सारखी मोडणारी होती. ऑफिसात दुपारी शांत जागी अर्धा तास डुलकी घेऊ दिली तेव्हा मात्र काम आणि मन दोन्ही सुधारलं. हे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. डुलकीत गेलेल्या वेळामुळे एकूण कमाई थोडी घटते, हेही त्यात आहे. तरीही रात्रपाळीच्या टीमला एक अंधारी, शांत खोली मिळवून देणं मला फायद्याचंच वाटतं. पीजीत दिवसा झोपणाऱ्या मुलाला कूकरच्या शिट्ट्या आणि रूममेटचे कॉल यांच्यातच झोपावं लागतं.

चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत प्रशिक्षणार्थी सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवा. उलट्या दिशेने शरीराला जड जातं. रात्रपाळी संपवून दुसऱ्याच दिवशी सकाळच्या पाळीला बोलावू नका.

गणपतीच्या आणि दिवाळीच्या रजा दोन महिने आधी लावून टाका. कोकणातल्या मुलाला गणपतीला घरी जायचंच असतं आणि रेल्वेचं आरक्षण त्याआधीच संपतं. शेवटच्या आठवड्यात रजा नाकारली की तो मुलगा बसतो ऑफिसात आणि मनाने असतो गावच्या आरतीत. कामही होत नाही, राग मात्र पुढच्या अप्रेझलपर्यंत टिकतो.

पायरी ४: दर आठवड्याला प्रत्येकी वीस मिनिटं

"काय रे, कसं चाललंय?" याला "बरं चाललंय सर" असंच उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. कामाबद्दल नेमका प्रश्न विचारा, मन त्यातून आपोआप कळतं. असं काहीसं:

"या आठवड्यात कुठलं काम वाटलं त्यापेक्षा लांबलं?"

"ते रिपोर्टचं, सर."

"कुठे अडलं?"

"डेटाबेसचा अ‍ॅक्सेस मिळत नव्हता. तिकीट टाकलं होतं."

"कधी?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार. मधे कोणाला सांगितलंस?"

"नाही सर. सगळेच बिझी होते."

या जागी लीडच्या तोंडून "आधी का नाही बोललास" निघालं, तर पुढचे सहा महिने हा मुलगा बोलणार नाही. त्याऐवजी: "बरं. अ‍ॅक्सेसचं मी आत्ता बघतो. पुढच्या वेळी एक दिवस गेला की मला मेसेज टाक. मी बिझी दिसलो तरी टाक." आणि अ‍ॅक्सेस खरंच त्याच्यासमोर मिळवून द्या, फोन लावा. अडलेल्या कामाचं चार दिवस त्याच्या मनावर ओझं होतं. ते भरून काढायला तो दुसरं काम घेऊन उशिरापर्यंत बसला असेल, त्यात चुका झाल्या असतील. बाहेरून बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच, की 'याची क्वालिटी घसरलीय'.

ही वीस मिनिटं रद्द करू नका. रद्द करावीच लागली तर त्याच आठवड्यात दुसरी वेळ द्या. यात स्टेटस मागू नका, त्यासाठी स्टँड-अप आहे. तीन प्रश्न पुरतात: काय लांबलं, माझ्यामुळे काय अडलं, पुढच्या महिन्यात काय शिकायचंय.

तिसरा प्रश्न तरुणांसाठी फार मोलाचा आहे. या वयात पगाराइतकीच चिंता असते ती मागे पडण्याची. दोन वर्षं एकाच प्रकारची तिकिटं बंद करणाऱ्या मुलाला आपले वर्गमित्र कुठल्या कुठे गेल्याचं लिंक्डइन रोज दाखवत असतं. प्रत्येकाला तीन महिन्यांत एक नवी गोष्ट शिकता येईल असं काम द्या, छोटं असलं तरी चालेल.

पायरी ५: थोडा ताबा त्यांच्या हाती द्या

अमेरिकेतले रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसत्या जास्त कामाने माणूस तेवढा खचत नाही, जेवढा जास्त काम आणि हाती काहीच निर्णय नाही या जोडीने खचतो. नव्या मुलाला धोरण ठरवू द्या असं मी म्हणत नाही. कामांचा क्रम, शिफ्टची अदलाबदल, घरून कामाचे दिवस, कुठल्या वेळेत शांतपणे काम करायचं, एवढं पुरे.

घरून कामाबद्दल ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,६१२ कर्मचारी होते. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर कामगिरीत घट झाली नाही आणि नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. पण पूर्ण वेळ घरून काम हा नव्या मुलांसाठी चांगला सौदा नाही असं माझं मत आहे. शेजारी बसणारा सीनिअर "अरे, हे असं नको करूस" म्हणतो, ते शिक्षण कॉलवर होत नाही. शिवाय पीजीतल्या पलंगावर बसून नऊ तास काढणं पाठीला आणि मनाला दोन्हीला घातक. ऑफिसचे दिवस ठेवा, पण त्या दिवशी सीनिअरही तिथे असतील हे बघा. रिकाम्या मजल्यावर येऊन हेडफोन लावून कॉल घ्यायचे असतील, तर दोन तासांचा प्रवास त्याने कशासाठी करावा?

पायरी ६: ऐकून घ्या, मागणी पूर्ण करता येत नसली तरी

बंगळुरूच्या शाही एक्स्पोर्ट्स या कपड्यांच्या कंपनीत २०१६ मध्ये पगारवाढ अपेक्षेपेक्षा कमी झाली. संशोधकांनी काही कामगार चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले आणि त्यांच्याकडून नोकरी, पगार, सुपरवायझर यांबद्दल निनावी मत घेतलं. पगार तोच राहिला. तरीही मत मागितलेल्यांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतं.

तुमच्याही हातात इन्क्रिमेंटचा आकडा नसतो. अप्रेझलची पत्रं आल्यावर टीम लीड आठवडाभर नजर चुकवत फिरतात, तेव्हाच बसून ऐकायची खरी गरज असते. सांगण्यासारखं असेल ते स्पष्ट सांगा: रेटिंग कशावरून आलं, पुढच्या वेळी काय बदलायला हवं, कुठली गोष्ट माझ्या हातात नव्हती. "पुढच्या वेळी बघू" असं मोघम आश्वासन देऊ नका. ते मुलं विसरत नाहीत.

नवीन रुजू झालेल्यांसाठीही असाच स्वस्त उपाय आहे. विप्रोच्या बीपीओमध्ये केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दिवशी कंपनीची थोरवी सांगण्याऐवजी एका गटाला विचारलं की तुमचं सर्वांत चांगलं काम कुठल्या परिस्थितीत होतं, तुमच्यात वेगळं काय आहे. तासाभराचा खेळ. सहा महिन्यांनी त्या गटातले नोकरी सोडणारे कमी होते. तुमच्या टीममध्ये पुढचा मुलगा येईल तेव्हा एवढा एक तास काढाच.

पायरी ७: प्रकरण तुमच्या हाताबाहेरचं असेल तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवण नाही, रडू येतं, "मी नसलो तरी काय फरक पडतो" अशी भाषा निघते. इथे लीडने डॉक्टर व्हायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही. एकांतात, घाई नसताना सांगा: "गेले काही दिवस तू दमलेला दिसतोस. कामाचं मी बघतो. तुला कोणाशी बोलावंसं वाटतं का?" मरणाची भाषा असेल तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच्या संमतीने घरच्यांना किंवा जवळच्या मित्राला बोलवा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. जिवाला लगेच धोका दिसत असेल तर संमतीसाठी थांबू नका.

केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक टीमच्या ग्रुपवर आधीच टाकून ठेवा, कोणाकडे बोट न दाखवता. ठाण्यातली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था तर अनेक वर्षं मराठीतून हे काम करते आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांवरही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं. तुमच्या कंपनीच्या ग्रुप विम्यात नेमकं काय आहे ते एचआरकडून आधी विचारून ठेवा, कारण गरज लागेल त्या दिवशी पॉलिसी वाचायला कोणाला बळ नसतं.

त्याने सांगितलेलं टीमला सांगू नका. वरिष्ठांना 'तब्येतीची रजा' एवढंच पुरे. रजेवरून परत आल्यावर पहिल्याच दिवशी साचलेली सगळी तिकिटं अंगावर टाकू नका. पण त्याचं आवडतं काम 'तुझ्या भल्यासाठी' काढूनही घेऊ नका. पहिले दोन आठवडे अर्धा भार, रात्रीचे कॉल बंद, मग त्याला विचारत वाढवत जा.

पायरी ८: तीन महिन्यांनी वही उघडा

पहिल्या पायरीत उतरवलेले आकडे पुन्हा काढा: परत आलेली कामं, पुन्हा उघडलेली तिकिटं, रात्री दहानंतरचे मेल, न घेतलेल्या रजा, राजीनामे. एखाद्या माणसाचा नाही, टीमचा बदल बघा. सगळं सुधारेल असं नाही. माझ्या पाहण्यात उशिराचे मेल आधी घटतात, पुनर्काम हळूहळू कमी होतं आणि राजीनाम्यांचा फरक दिसायला वर्ष जातं. त्या तिमाहीत मोठं रिलीज किंवा ऑडिट असेल तर आकडे बिघडलेले दिसतील, तसं वहीत लिहून ठेवा.

तुमच्या वरच्या डिलिव्हरी मॅनेजरकडे जाताना हे आकडे घेऊनच जा. डेलॉइटने २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे कर्मचाऱ्यांच्या बिघडलेल्या मानसिक आरोग्याची किंमत भारतातल्या कंपन्यांना वर्षाला सुमारे १४ अब्ज डॉलर पडते. गैरहजेरी, हजर राहूनही न होणारं काम आणि नोकरी सोडून जाणारी माणसं धरून. पण तुमच्या वरिष्ठांना तो आकडा लांबचा वाटेल. त्यांना तुमच्याच टीममधला एक राजीनामा मांडून दाखवा: नव्वद दिवसांचा नोटिस काळ, त्या काळातलं निम्मं काम, नव्या माणसाच्या मुलाखतींत गेलेले सीनिअरचे तास, नवा माणूस तयार व्हायला लागलेले महिने. मग मागणी एकच करा आणि ती छोटी ठेवा. रात्रीच्या कॉलला दोनच माणसं, किंवा कॉलनंतर अकराला येण्याची सोय रोस्टरवर. एका तिमाहीपुरती परवानगी मागितली तर सहसा नकार मिळत नाही. परवानगी मिळाली की त्याच दिवशी रोस्टर बदला आणि टीमला चॅटवर कळवा, कारण सोमवारपर्यंत थांबलात तर रविवारी रात्री नेहमीसारखं कोणीतरी लॅपटॉप उघडून बसलेलं असेल.